फोटोत काय दिसतं आणि फोटो का काढला : टॉर्पेडो बोटी, मुंबईची गोदी आणि पुराव्याचा प्रश्न

पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं आणि आता सिनॉप्सिस लिहायचंय, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. इतिहासाच्या सिनॉप्सिसमध्ये साधनांची एक यादी असते. कागदपत्रं, वृत्तपत्रं, गॅझेटिअर, मुलाखती आणि सगळ्यात शेवटी, उरलीसुरली जागा भरायला टाकल्यासारखी, 'छायाचित्रे'. पुढे प्रबंधात ती छायाचित्रं परिशिष्टात जातात. खाली एक ओळ असते, वर चित्र असतं आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. व्हायव्हालासुद्धा नाही.

आज याच सवयीबद्दल बोलू. उदाहरण मुद्दाम आपल्या रोजच्या वाचनाबाहेरचं घेतलंय : एकोणिसाव्या शतकातल्या टॉर्पेडो बोटींचे आणि जहाजबांधणीचे जुने फोटो. मेढ्यातून समुद्र दिसत नाही हे मान्य. पण यातली एक बोट चक्क 'मराठा' नावाची होती. शिवाय जावळीच्या खोऱ्यातली कितीतरी घरं मुंबईच्या कष्टावर उभी राहिली आहेत. त्यामुळे गोदीचा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. टॉर्पेडो म्हणजे मराठीत पाणतीर. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरने १८६६ मध्ये फ्यूमे या बंदरात स्वतःच्या यंत्रावर पाण्याखालून धावणारा पाणतीर तयार केला. मग प्रश्न आला, तो शत्रूच्या जहाजाजवळ न्यायचा कुणी? त्यासाठी लहान, हलकी आणि अतिशय वेगवान बोट हवी होती. लंडनजवळ चिझिक इथल्या थॉर्निक्रॉफ्टच्या कारखान्याने १८७६-७७ मध्ये ब्रिटिश आरमारासाठी 'लाइटनिंग' ही बोट बांधली. लांबी सुमारे साडेसव्वीस मीटर, वजन जेमतेम तेहतीस टन आणि वेग ताशी साडेअठरा नॉट. पुढच्या वीस वर्षांत जगभरच्या आरमारांनी अशा बोटींच्या रांगा लावल्या. हिंदुस्थानच्या बंदरांसाठीही १८८०च्या दशकाच्या अखेरीला ब्रिटनमध्ये अशा सात बोटी बांधल्या गेल्या. त्यांची नावं बघा : बलुच, गुरखा, करेन, पठाण, मराठा, शीख, राजपूत. पुढे ब्रिटिश आरमाराच्या यादीत त्यांना नावांऐवजी १०० ते १०६ असे नंबर मिळाले.

या काळातल्या टॉर्पेडो बोटींचे फोटो भरपूर आहेत. ग्रिनिचचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम, लंडनचं इंपीरियल वॉर म्युझियम, जुनी सचित्र पुस्तकं, लिलावांच्या याद्या, कुठेही शोधा. फोटो सुंदरही आहेत. अरुंद, लांब, पाण्यालगतची बोट, पुढचा भाग कासवाच्या पाठीसारखा गोल आणि धुराड्यातून निघणारा धूर. पाहताक्षणी वाटतं, अरे, हेच तर ते युग! माझी हरकत इथूनच सुरू होते. हे फोटो त्या युगाचे आहेत यात वाद नाही. पण ते त्या युगातल्या कशाचे आहेत?

फोटो कुणी मागवला?

त्या काळात टॉर्पेडो बोटीचा फोटो साधारण तीन प्रसंगी निघायचा. बोट तयार होऊन कारखान्याच्या धक्क्याला लागली तेव्हा, वेगाच्या चाचणीला निघाली तेव्हा, किंवा आरमाराच्या बंदरात एखाद्या स्टुडिओवाल्याने विक्रीसाठी काढला तेव्हा. पहिल्या दोन प्रसंगी पैसे बहुधा कारखानदार देत असे, कारण त्याला पुढचं गिऱ्हाईक हवं होतं. थॉर्निक्रॉफ्टने लाइटनिंगच्या आधी, १८७३ मध्ये, नॉर्वेला 'राप' नावाची बोट बांधून दिली होती. म्हणजे हा धंदा सुरुवातीपासूनच आंतरराष्ट्रीय होता आणि फोटो हा त्या धंद्याच्या माहितीपत्रकाचा भाग होता.

आता चाचणीचा फोटो घ्या. बोटीने ठरलेला वेग गाठला की नाही यावर व्यवहार अवलंबून असायचा, म्हणून चाचणीच्या वेळी बोट शक्य तितकी हलकी ठेवण्याकडे कारखानदारांचा कल असे. हलकी बोट पाण्यावर उंच तरंगते. फोटोतली पाण्याची रेषा पाहून तुम्ही 'ही बोट समुद्रात अशी दिसायची' असं लिहिलंत, तर तुम्ही कारखानदाराच्या सर्वांत चांगल्या दिवसाचं वर्णन रोजचं म्हणून लिहिलंत. लग्नाचा अल्बम बघून त्या घरात रोज काय शिजतं हे सांगण्यासारखंच ते.

फोटोला काय दिसू शकत होतं?

दुसरा प्रश्न तंत्राचा. मानव्यशाखेचे विद्यार्थी याला घाबरतात, पण इथलं गणित आठवीतलं आहे.

१८५१ नंतर ओल्या काचेची पद्धत रूढ झाली. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. काच प्रकाशात अनेकदा काही सेकंद धरावी लागे. आता साडेअठरा नॉट म्हणजे सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर. साडेसव्वीस मीटरची बोट एका सेकंदात स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त पुढे सरकते. फोटोत बोट १५ सेंटिमीटर लांब दिसत असेल, तर एका सेकंदात ती कागदावर पाच सेंटिमीटरहून जास्त फासली जाईल. म्हणजे चित्र उरणारच नाही. हाच वेळ सेकंदाचा शंभरावा भाग केला, तर फासणं अर्ध्या मिलिमीटरवर येतं. सुक्या, तयार काचा १८७०च्या दशकाच्या अखेरीला बाजारात आल्या आणि तेव्हा कुठे हे शक्य झालं.

यातून हातात काय येतं? १८७७ सालचा म्हणून दाखवलेला 'पूर्ण वेगात धावणाऱ्या बोटीचा' स्वच्छ फोटो समोर आला, तर तारखेवर संशय घ्या. बोट उभी असेल, फोटो नंतरचा असेल किंवा लाटा आणि धूर हाताने काढले असतील. कारखान्याच्या फोटोत काचेवर रंग लावून पार्श्वभूमी पुसून टाकणं ही त्या काळची नेहमीची पद्धत होती. वृत्तपत्रांत तर बरीच वर्षं फोटो छापताच येत नव्हता. तो बघून कोरक्या लाकडावर चित्र कोरायचा आणि आपल्या मनाने लाटा घालायचा. आपल्या पुस्तकांत मात्र तेही 'छायाचित्र' म्हणूनच येतं.

रंगांचंही तेच. त्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद द्यायच्या, लालला जवळजवळ नाहीच. म्हणून आकाश कोरं पांढरं येतं आणि लाल रंगाचा पत्रा काळा. 'बोट काळ्या रंगाची होती' हे वाक्य केवळ फोटोवरून लिहिता येत नाही.

मग फोटो निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. नीट बघणाऱ्याला ते फार काही देतात. लाइटनिंगवर सुरुवातीला पाणतीर पाण्यात सोडायला बाजूंना दोन चौकटी होत्या. १८७९ मध्ये त्या काढून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक नळी बसवली. फोटोत नळी दिसली की फोटो १८७९च्या आधीचा नाही हे पक्कं. चित्राखालची ओळ काहीही सांगो, लोखंड खोटं बोलत नाही. बोटीवर माणूस उभा असेल तर त्याच्या उंचीवरून दाराची, नळीची मापं अंदाजाने काढता येतात. बांधणीचा पुरावा म्हणून या फोटोंची किंमत मोठी आहे आणि ती मी कमी करत नाही.

मुंबईच्या जहाजांचे म्हातारपणाचे फोटो

अडचण येते ती हे फोटो दुसऱ्या फोटोंशेजारी ठेवल्यावर. इथे आपण मुंबईत येतो.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून काही सुतार घेऊन मुंबईला आले. १७५० मध्ये तिथे सुकी गोदी झाली. पुढची शंभरेक वर्षं मलबारच्या सागवानातून या गोदीत जहाजं उतरत राहिली. १८१० मध्ये मिंडेन, १८१३ मध्ये कॉर्नवॉलिस, १८१७ मध्ये ट्रिंकोमाली, १८२१ मध्ये गॅन्जेस, १८२४ मध्ये एशिया. १८४२ मध्ये चीनसोबतच्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या कॉर्नवॉलिसवर. १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचं जहाज एशिया होतं. १८२९ मध्ये याच गोदीत ह्यू लिंडसे ही आगबोटही बांधली गेली. अर्देशीर कर्सेटजी वाडिया १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय.

आता तारखा लक्षात घ्या. फोटोग्राफीची घोषणा झाली १८३९ मध्ये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. गोदीचे भरभराटीचे दिवस होते तेव्हा कॅमेराच नव्हता. म्हणजे मिंडेन किंवा गॅन्जेसचा सांगाडा उभा राहतानाचा फोटो असूच शकत नाही. या जहाजांचे जे फोटो आहेत ते म्हातारपणाचे. गॅन्जेस १८६६ पासून फालमथ इथे पोरांना खलाशीपण शिकवणारं नांगरलेलं जहाज होतं आणि तिचे बहुतेक फोटो त्या काळातले किंवा त्यानंतरचे. ट्रिंकोमालीही प्रशिक्षणाचं जहाज झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं नावच बदलून फूड्रॉयंट केलं. आज ती पुन्हा मूळ नावाने, दुरुस्त होऊन, इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे उभी आहे.

एखाद्या पुस्तकात डाव्या पानावर ही नांगरलेली जुनी लाकडी गॅन्जेस आणि उजव्या पानावर थॉर्निक्रॉफ्टची चकचकीत पोलादी बोट छापली, तर वाचणाऱ्याच्या मनात काय उमटतं? हिंदुस्थान म्हणजे लाकूड, म्हातारपण आणि थांबलेला काळ. इंग्लंड म्हणजे पोलाद, तारुण्य आणि वेग. कुणी एक शब्द लिहिलेला नसतो, पण निष्कर्ष तयार असतो. तोही कशावर? एका जहाजाचा फोटो जन्मानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी निघाला आणि दुसऱ्याचा जन्माच्या दिवशी, एवढ्यावर. तुलना जहाजांची झालीच नाही, ती फोटो काढण्याच्या वेळांची झाली.

आपल्याकडच्या लेखनात याची उलटी बाजूही दिसते. तोच म्हातारपणाचा फोटो 'पाहा, आपली जहाजं किती टिकली' म्हणून अभिमानाने लावला जातो. टिकली हे खरंच. सागवान आणि मुंबईच्या सुतारांचा हात, दोन्हीची ती पावती आहे. पण तेवढ्यावर 'सगळं आपलंच होतं' असं लिहू नका. नकाशे विलायतेतून येत. ट्रिंकोमालीचे नकाशे घेऊन निघालेलं जावा नावाचं जहाज १८१२च्या अखेरीला अमेरिकन आरमाराशी झालेल्या लढाईत गेलं आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. आराखडा तिकडचा, लाकूड आणि हात इकडचे, मालकी तिसऱ्याचीच. फोटो यातलं काहीही सांगत नाही, ते सांगतात कागद.

'मराठा' बोटीत मराठा कुठे आहे?

पुन्हा त्या सात नावांकडे या. बलुच, गुरखा, पठाण, मराठा, शीख, राजपूत... ही यादी कुठेतरी वाचल्यासारखी वाटते ना? ब्रिटिशांनी लष्करभरतीसाठी ज्यांना 'लढाऊ जमाती' म्हटलं, त्याच पठडीतली ही यादी आहे. साताऱ्याच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. गावोगावी पलटणीत गेलेली माणसं आहेत आणि त्या नावाचा अभिमानही आहे.

पण बोटीला नाव देणं आणि माणसाला जागा देणं या दोन गोष्टी आहेत. नाव आलं इथून, पत्रा-रिव्हेट-बॉयलर सगळं तिकडचं. कारखानदाराच्या अशा फोटोत डेकवर जे दोन-चार जण दिसतात ते त्या कारखान्याचे किंवा चाचणीला आलेले लोक. 'मराठा' हे नाव चित्राखाली असतं, चित्रात नसतं.

याच काळातलं फोटोग्राफीचं दुसरं टोक बघा. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात अनेक ठिकाणी माणसांचा फोटो एकीकडे काढून मागचं दृश्य दुसऱ्याच फोटोतून जोडलेलं आहे. माणूस आहे, पण त्याची जागा खोटी आणि त्याच्या नावाऐवजी जातीचं नाव. टॉर्पेडो बोटीच्या बाबतीत जातीचं नाव आहे, पण माणूसच नाही. दोन्हीकडे नाव देण्याचा अधिकार एकाच हातात होता. ही दोन प्रकारची चित्रं शेजारी ठेवून कुणी अभ्यास केला, तर चांगला प्रबंध होईल. विषय शोधणाऱ्यांनी नोंद घ्या.

ज्याचा फोटो निघत नाही ते काम

या फोटोंवरची माझी मुख्य टीका आता मांडते. जहाज पाण्यात उतरवायचा सोहळा असतो, म्हणून त्याचा फोटो निघतो. डागडुजीचा सोहळा नसतो.

१८७० मध्ये लंडनला बांधलेली मॅग्डाला आणि अ‍ॅबिसिनिया ही दोन चिलखती जहाजं मुंबई बंदराच्या रक्षणासाठी आली. १८६७-६८ मध्ये मुंबईहून अ‍ॅबिसिनियावर जी मोहीम गेली, तिच्यावरून ही नावं पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भंगारात निघेपर्यंत ती मुंबईचीच जहाजं होती. म्हणजे तीस वर्षं. लोखंडी जहाजाला खाऱ्या पाण्यात तीस वर्षं ठेवायचं म्हणजे बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि कालवं खरवडणं, गंज काढणं, रंग देणं, बॉयलरमधला क्षार फोडणं, नळ्या बदलणं, कोळसा भरणं. टॉर्पेडो बोटींचा पत्रा तर वेगासाठी मुद्दाम पातळ ठेवलेला, तिथे गंजाला फार वेळ लागत नाही. ही कामं करणारे लोहार, सुतार, खलाशी, आगवाले आणि कोळसेवाले यांच्याशिवाय त्या सुंदर बोटी काही वर्षांत भंगार झाल्या असत्या.

वाडिया मास्टर बिल्डरांची तैलचित्रं आहेत. थॉर्निक्रॉफ्टच्या बोटींचे फोटो आहेत. खरवडणाऱ्याच्या नावाची एक ओळसुद्धा या अल्बमांत नाही. आणि आपण संशोधक केवळ फोटोंवर विसंबलो, तर आपल्याही प्रबंधातून तो गळतो. 'मुंबईत १८५०नंतर काही घडलंच नाही' हे वाक्य सहज लिहिलं जातं, कारण बांधणी कमी झाली आणि बांधणीचाच फोटो निघतो. खरं तर काम थांबलं नव्हतं, कामाचा प्रकार बदलला होता. विलायतेहून सुट्या भागांत आलेल्या लोखंडी आगबोटी जोडणं आणि असलेल्या बोटी चालत्या ठेवणं हेच आता गोदीचं मोठं काम होतं.

हे काम कागदावर सापडतं. पगाराच्या याद्या, कोळशाचे हिशेब, रंगाच्या आणि दोरखंडाच्या मागण्या, अपघाताचे अहवाल. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मरीन डिपार्टमेंटचे खंड आहेत. रतनजी अर्देशीर वाडिया यांचं मुंबई गोदीवरचं १९५५ साली निघालेलं इंग्रजी पुस्तक सुरुवातीला चाळून घ्या, म्हणजे जहाजांची यादी हाताशी राहील. मेढ्याहून मुंबईचं काम एका दिवसात होत नाही, तेव्हा कोणते खंड बघायचे हे ठरवूनच एसटीत बसा.

शोधताना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी

१. नावं बदलतात. ट्रिंकोमालीचे फोटो फूड्रॉयंट नावाखाली असतात. आणि त्याच नावाचं, नेल्सनशी संबंधित आधीचं जहाज १८९७ मध्ये किनाऱ्यावर आदळून फुटलं होतं. दोन्हींची गल्लत करू नका. लाइटनिंगसुद्धा पुढे 'टॉर्पेडो बोट नंबर १' झाली.

२. स्पेलिंग बदलतात. इंग्रजी याद्यांत 'मराठा' हा शब्द मधे 'एच' आणि शेवटी दोन 'टी' घालूनही लिहिलेला असतो. सगळे प्रकार टाकून शोधा.

३. शब्दांचे अर्थ बदलतात. एकोणिसाव्या शतकात 'टॉर्पेडो' म्हणजे पाण्यात रोवलेला सुरुंगही असे. प्रत्येक 'टॉर्पेडो' धावणारा पाणतीर नसतो.

४. फोटोची मागची बाजू मागा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीची नोंद, जुना नंबर. ऑनलाइन बहुधा समोरचीच बाजू असते. संग्रहालयाला नम्र ईमेल लिहिला तर उत्तर येतं.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातला एक जुना फोटो निवडा. जहाजाचाच हवा असं नाही. वाईचा घाट, महाबळेश्वरचा बंगला, रेल्वेचा बोगदा, काहीही चालेल. त्यावर तीन परिच्छेद लिहा. पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसतं ते, विशेषणं न लावता. दुसऱ्यात तो कुणी, कुणासाठी आणि कोणत्या प्रसंगी काढला असेल ते, पुराव्यासह. तिसऱ्यात, हे दृश्य उभं राहायला कुणाचे हात लागले असतील आणि त्यांची नोंद कोणत्या कागदात सापडू शकेल ते. तिसरा परिच्छेद लिहिताना पेन अडलं, तर अर्काइव्हमध्ये काय मागायचं ते तुम्हाला कळलं. तो परिच्छेद गाइडना दाखवा आणि छायाचित्रांचा उल्लेख साधनांच्या यादीत तळाला न ठेवता पद्धतीच्या प्रकरणात घ्या.

पुढच्या लेखात पगाराच्या याद्या कशा वाचायच्या ते बघू. तोवर तुमचे तीन परिच्छेद लिहून ठेवा.